नगरपालिकेचा छोटा विमानतळ कंत्राटदाराला चालवायला देताना

अमेरिकेत फेडरल अनुदानाला पात्र असलेल्या विमानतळांच्या राष्ट्रीय यादीत साधारण ३,३०० विमानतळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर नियमित एअरलाइन येत नाही. एक धावपट्टी, विमाने ठेवायच्या शेडच्या, म्हणजे हँगरच्या, दोन-तीन रांगा, इंधनाच्या दोन टाक्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि कॉफीचे यंत्र असलेली एक बसकी इमारत, एवढाच पसारा. मालक शहर, नाहीतर काउंटी. इथे फवारणीची विमाने उतरतात, एअर अँब्युलन्स उतरते, शिकाऊ वैमानिक दिवसभर घिरट्या घालतात आणि गावातल्या एखाद्या कारखान्याचे छोटे जेट अधूनमधून येऊन जाते.

मग एक दिवस जुना मॅनेजर निवृत्त होतो, किंवा बजेटच्या बैठकीत कोणी विमानतळाच्या तोट्याचा आकडा वाचून दाखवतो आणि ठराव येतो: बाहेरच्या कोणाला तरी चालवायला देऊ या. कल्पना वाईट नाही. छोट्या शहराला पूर्णवेळ जाणकार माणूस ठेवणे परवडत नाही, आणि रस्ते-पाणी बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या गळ्यात विमानतळ अडकवला की दोन्हीकडे हेळसांड होते. फक्त एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी लागते. काम बाहेर देता येते, जबाबदारी शहराकडेच राहते. सिटी कौन्सिलवर, विमानतळ सल्लागार समितीवर किंवा शहराच्या कार्यालयात बसलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. निविदा काढण्याच्या आधीपासून करार सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांपर्यंत काय काय करायचे ते क्रमाने.

पायरी १ : चालवायला देताय की भाड्याने, ते ठरवा

बैठकीत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. व्यवस्थापन करारात विमानतळ शहराचाच राहतो, दर शहर ठरवते, उत्पन्न सहसा शहराचे असते आणि कंत्राटदाराला त्याच्या कामाची फी मिळते. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात पूर्ण विमानतळच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. न्यूयॉर्क राज्यातला स्ट्युअर्ट विमानतळ २००० साली ९९ वर्षांच्या पट्ट्यावर नॅशनल एक्स्प्रेस या ब्रिटिश कंपनीकडे गेला आणि २००७ मध्ये पोर्ट अथॉरिटीने तो पट्टा घेतला. अशा पट्ट्यासाठी एफएएची, म्हणजे फेडरल विमान वाहतूक खात्याची, वेगळी, किचकट मंजुरी लागते. इंडियानापोलिसने मात्र १९९५ मध्ये बीएए कंपनीला व्यवस्थापनाचे कंत्राट दिले आणि २००७ अखेर कारभार परत स्वतःकडे घेतला. विमानतळ मोठा होता, पण पद्धत तीच जी तुम्हाला हवी आहे: जमत नसेल तर परत घेता येईल अशी. एका धावपट्टीच्या विमानतळासाठी व्यवस्थापन करार सोडून दुसरे काही सुचवणाऱ्याला कारण विचारा.

व्यवस्थापन करारातही तीन तऱ्हा दिसतात. देशभर बरेच विमानतळ चालवणारी कंपनी. एकटा स्वतंत्र माणूस, बहुधा निवृत्त वैमानिक किंवा हवाई दलातून आलेला. आणि विमानतळावरच इंधन-दुरुस्तीचा धंदा करणारा, म्हणजे ज्याला तिकडे एफबीओ म्हणतात, त्यालाच मॅनेजर करणे. तिसरी तऱ्हा सर्वांत स्वस्त दिसते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

एकटा माणूस नेमणार असाल तर शहराच्या वकिलाला आधीच बोलवा. त्याचे तास, साधने, रोजचे हुकूम सगळे शहरच ठरवत असेल, तर कागदावर कंत्राटदार लिहिले तरी आयआरएस, म्हणजे फेडरल कर खाते, त्याला कर्मचारी मानू शकते, आणि मग थकलेले कर शहराच्या अंगावर येतात.

पायरी २ : अनुदानाच्या अटींचे बाड बाहेर काढा

शहराने धावपट्टीच्या डांबरीकरणासाठी, दिव्यांसाठी, कुंपणासाठी फेडरल पैसा घेतलेला असतोच. अशा कामांचा खर्च ९० टक्के किंवा त्याहून जास्त एफएए उचलते, आणि बदल्यात शहर काही आश्वासनांवर सही करते. त्यांना ग्रँट अ‍ॅशुरन्स म्हणतात. बांधकामाच्या अनुदानाची बहुतेक बंधने जास्तीत जास्त २० वर्षे टिकतात. फेडरल पैशाने जमीन घेतली असेल तर त्यांना मुदतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडून शहराला मिळालेले जे विमानतळ आहेत, त्यांच्या खरेदीखतात आणखी वेगळी बंधने असतात. म्हणून कपाटातून तीन गोष्टी काढा: गेल्या २० वर्षांतले सगळे अनुदान करार, जमिनीची कागदपत्रे आणि मंजूर एअरपोर्ट लेआउट प्लॅन, म्हणजे विमानतळाचा नकाशा.

त्यातली पाचव्या क्रमांकाची अट तुमच्या कामाची. तिचा आशय असा, की शहराने विमानतळ चालवण्याचे काम दुसऱ्याला दिले, तर तो अनुदानाच्या अटींप्रमाणे चालेल हे बघण्यापुरते अधिकार शहराने स्वतःकडे राखून ठेवले पाहिजेत, आणि त्या अटी कंत्राटदारालाही बांधील केल्या पाहिजेत. म्हणजे 'कंत्राटदार आपल्या मर्जीप्रमाणे विमानतळ चालवेल' असे वाक्य करारात आले की अट तिथेच मोडली. अट क्रमांक २२ सांगते की विमान व्यवसाय करू पाहणाऱ्यांना आणि वैमानिकांना वाजवी अटींवर, भेदभाव न करता प्रवेश द्या. २३ सांगते की कोणालाही एकाधिकार देऊ नका. २४ म्हणते की दर असे ठेवा की विमानतळ शक्य तेवढा स्वतःच्या पायावर उभा राहील. आणि २५ प्रमाणे विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च झाले पाहिजे.

ही शेवटची अट छोट्या गावात सहज मोडते. विमानतळाचा ट्रॅक्टर आहे, कंत्राटदाराचा माणूस रिकामा आहे, तर जरा सार्वजनिक उद्यानाचे गवत कापून दे, असे कोणीतरी म्हणते. ते विमानतळाचे उत्पन्न दुसरीकडे वळवणे झाले. अनुदानातून घेतलेले बर्फ काढायचे यंत्र शहराच्या रस्त्यावर नेणे, हीसुद्धा तीच गत. शहराने आपल्या तिजोरीतून विमानतळाला पैसे दिले तर हरकत नाही, उलटा प्रवाह चालत नाही.

तक्रार झाली तर? वैमानिक किंवा व्यावसायिक एफएएकडे अनौपचारिक तक्रार करू शकतात, किंवा भाग १६ या नियमाखाली रीतसर दावा लावू शकतात. त्यात उत्तर द्यावे लागते ते शहराला. कंत्राटदार त्या कार्यवाहीत साक्षीदार असतो फार तर.

पायरी ३ : मॅनेजर आणि इंधन विक्रेता एकच असावा का?

छोट्या विमानतळाचा पैसा तीन ठिकाणांहून येतो: हँगरचे भाडे, जमिनीचे भाडे आणि इंधन. त्यातले इंधन रोज हलणारे. एफबीओ म्हणतो, "मी इथे असतोच. मला इंधनाचा धंदा करू द्या, मॅनेजरचे काम मी नाममात्र फीमध्ये करीन." कौन्सिलला वाटते, लॉटरी लागली.

मग दोन वर्षांनी दुसरा कोणी येतो आणि म्हणतो, मला इथे विमान दुरुस्तीचे शेड टाकायचे आहे, थोडे इंधनही विकायचे आहे. हा अर्ज कोणाच्या टेबलावर जातो? मॅनेजरच्या. म्हणजे त्याच्याच प्रतिस्पर्ध्याला जागा द्यायची की नाही, हे तोच ठरवणार. जागा शिल्लक नाही, किमान भांडवल एवढे हवे, विमा तेवढा हवा, अशी उत्तरे जातात. अर्जदार एफएएकडे जातो, आणि अट २२ व २३ मोडल्याचा ठपका शहरावर येतो. हे मुद्दाम कट करून होते असे नाही. माणूस आपल्या पोटाचे बघतोच. दोष शहराचा, की त्याला त्या खुर्चीत बसवले.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शहराला स्वतःपुरता एकाधिकार ठेवता येतो, म्हणजे 'इथे इंधन फक्त शहर विकेल' असे म्हणता येते, हे खरे. पण त्यासाठी शहराने स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी, स्वतःच्या साधनांनी ते विकले पाहिजे. कंत्राटदाराला आपला प्रतिनिधी नेमून त्याच्या नावे हा हक्क वापरता येत नाही. कंत्राटदार इंधन विकत असेल, तर पात्र स्पर्धकाला दार उघडे ठेवावेच लागते. आणि विमानमालकाला आपल्या विमानात आपल्या माणसांकरवी, आपल्या साधनांनी इंधन भरण्याचा हक्क वाजवी सुरक्षा नियम पाळून असतोच. तो ना शहराला काढून घेता येतो ना मॅनेजरला.

माझे मत सरळ आहे: जमत असेल तर दोन करार करा, दोन माणसांशी. धंदा एवढा कमी असेल की दोन माणसांचे पोट भरणारच नाही, तर एकालाच द्या. पण दोन करार करा, दोन वेगळ्या मुदतींचे, म्हणजे एक मोडला तर दुसरा आपोआप मोडणार नाही. आणि मॅनेजरच्या करारात लिहा, की नव्या व्यावसायिकाचे अर्ज, भाडेदर, हँगरची प्रतीक्षायादी आणि इंधनविक्रीसंबंधीचा प्रत्येक निर्णय शहराचा नेमलेला अधिकारी घेईल. निविदा काढायच्या आधी किमान निकष, म्हणजे मिनिमम स्टँडर्ड्स, कौन्सिलकडून मंजूर करून घ्या. कोणता व्यवसाय करायला किती जागा, किती विमा, किती माणसे लागतील हे त्यात असते आणि ते सगळ्यांना सारखे लागते. कंत्राटदार आल्यावर ते लिहायला घेतले, की ते त्याच्या मापाचे शिवले जातात.

पायरी ४ : विमानतळावर रोज नेमके काय होते, ते लिहून काढा

बहुतेक निविदांमधली कामाची यादी दुसऱ्या कुठल्या तरी शहराच्या निविदेवरून उतरवलेली असते. आपली यादी करायची तर सध्याच्या मॅनेजरसोबत सकाळी फिरा. तो पहाटे काय करतो बघा. पिकअपमधून धावपट्टीच्या कडेने सावकाश जातो. डांबरातली भेग, सुटा खडा, रात्रीत मेलेला ससा, फुटलेला कडेचा दिवा टिपतो. मग रेडिओचा माइक हातात घेऊन पाच सेकंदांत सात वेळा बटण दाबतो आणि धावपट्टीचे दिवे पूर्ण तेजाने लागतात का पाहतो. पाच वेळा दाबले तर मध्यम, तीन वेळा तर मंद. रात्री येणारा वैमानिक हवेतून हेच करणार असतो. एखादी रांग लागली नाही, तर त्याची सूचना नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, म्हणून गेली पाहिजे, नाहीतर अंधारात कोणीतरी फसतो.

मग इंधनाच्या टाक्या. १००एलएल हे पिस्टन विमानांचे इंधन निळसर असते, जेट-ए पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे. टाकीच्या तळाचे थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडासमोर धरतात: पाण्याचा थेंब, गढूळपणा, गंज दिसतो का. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वहीत लिहितात. पिस्टन विमानात चुकून जेट-ए गेले तर इंजिन नेमके उड्डाणानंतर बंद पडते. म्हणून जेट-एच्या नळीचे तोंड मुद्दाम रुंद असते. ते 'अडचण होते' म्हणून बदलणारा कामगार ज्या कंत्राटदाराकडे असेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

अशा फेरीतून निघालेली यादी तीन भागांत मांडा. रोजची आणि आठवड्याची कामे: धावपट्टीची पाहणी, दिवे, इंधन तपासणी, रेडिओवर उत्तर, गवत, कचरा, स्वच्छतागृह. हंगामी आणि वार्षिक कामे: बर्फ काढणे, रंगपट्टे, हरणांचा आणि पक्ष्यांचा बंदोबस्त, राज्याच्या तपासनीसाची भेट, विमानतळाची नोंदपत्रिका अद्ययावत करणे, तळावर कायम असलेल्या विमानांची मोजणी. ही मोजणी क्षुल्लक वाटते, पण राष्ट्रीय यादीतल्या जागेसाठी ती बघितली जाते. तिसरा भाग अचानक येणाऱ्या कामांचा: चाके न उघडता उतरलेले विमान, इंधन गळती, वादळात उडालेले हँगरचे पत्रे.

प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने करा: काम कोण करणार आणि खर्च कोणाचा. गवत कंत्राटदार कापेल, पण ट्रॅक्टरचा पट्टा तुटला तर? दिवा बदलेल, पण दिव्याची तार जळाली तर? एक रक्कम ठरवा; तिच्याखालची दुरुस्ती कंत्राटदाराची, वरची शहराची. हे दोन रकाने रिकामे ठेवून केलेला करार पहिल्याच हिवाळ्यात भांडणाला येतो.

काही कामे या यादीतून मुद्दाम वगळा. अनुदानाचे अर्ज, पाच वर्षांचा भांडवली आराखडा आणि अभियंत्याची निवड यांत कंत्राटदार मदत करेल, सही शहराची असेल. अनुदानातल्या कामाचा अभियंता गुणवत्तेवर, ठरलेल्या फेडरल पद्धतीने निवडावा लागतो; व्यवस्थापन करारात 'अभियांत्रिकीही आम्हीच बघू' असे वाक्य घुसडले असेल तर ते काढा.

पायरी ५ : पैसे कसे द्यायचे

तीन पद्धती आहेत. कंत्राटदार सगळे उत्पन्न ठेवतो आणि शहराला ठरावीक रक्कम देतो. शहर महिन्याची ठरावीक फी देते आणि मंजूर बजेटातला खर्च भरून देते. किंवा या दोन्हींची मिसळ.

पहिल्या पद्धतीत शहराला डोकेदुखी कमी आणि आंधळेपणा जास्त. हँगरमधून किती येते, इंधनात किती सुटते, हे दोन-तीन वर्षांत शहराला सांगताच येत नाही, आणि पुढच्या निविदेच्या वेळी आकडे फक्त जुन्या कंत्राटदाराकडे असतात. मी दुसरी पद्धत निवडीन, तिला थोडे प्रोत्साहन जोडून: वेळेवर अहवाल, तपासणीत त्रुटी नाहीत, हँगर भरलेले, यावर वर्षाखेरीस एक माफक जादा रक्कम. फक्त विकलेल्या गॅलनवर बक्षीस ठेवले, तर त्याचे लक्ष पंपावर राहील आणि धावपट्टीच्या कडेचे गवत वाढेल.

निव्वळ नफ्यातला वाटा मात्र टाळा. हँगर किंवा टर्मिनल करमुक्त रोख्यांच्या पैशातून बांधले असेल, तर आयआरएसच्या २०१७-१३ या कार्यपद्धतीत व्यवस्थापन करारांसाठी सुरक्षित चौकट दिली आहे, आणि नफ्यातला वाटा त्या चौकटीत बसत नाही. रोख्यांची करमुक्ती धोक्यात घालून मॅनेजरला खूश करण्यात अर्थ नाही.

भाडे थेट शहराच्या खात्यात जमा होऊ द्या. इंधनाचे कार्ड-यंत्र शहराच्या नावाने घ्या. कंत्राटदार प्रामाणिक असला तरी हेच करा. त्यालाही ते सोयीचे पडते, संशयाला जागा राहत नाही.

पायरी ६ : निविदा, भेट, मुलाखत

सध्याचा करार संपण्याच्या नऊ ते बारा महिने आधी सुरुवात करा. हिवाळ्याच्या तोंडावर हस्तांतरण येईल अशी तारीख टाळा. नव्या माणसाची पहिली भेट बर्फाशी नको. व्यावसायिक सेवा सर्वांत कमी बोलीवर घ्याव्या लागतात की गुणांकनावर, हे राज्याच्या खरेदी कायद्यावर अवलंबून आहे. मुभा असेल तर गुणांकनच ठेवा आणि किमतीला एकूण गुणांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त वजन देऊ नका. मसुदा एफएएच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला किंवा राज्याच्या विमान विभागाला दाखवा. त्यांचा शिक्का मिळतो म्हणून नव्हे. कुठल्या कलमाने पुढे तक्रार येईल हे त्यांना अनुभवाने दिसते.

निविदेसोबत खरे आकडे द्या: तीन वर्षांचे उत्पन्न-खर्च, विकलेले इंधन, भाडेकरूंची यादी, यंत्रांची वये, शेवटचा तपासणी अहवाल, त्यातल्या त्रुटींसकट. आकडे लपवले की बोली लावणारा अंदाजाने फी चढवतो. विमानतळाची प्रत्यक्ष भेट सक्तीची ठेवा. जो टाक्यांची झाकणे उघडून बघतो, विजेच्या खोलीत डोकावतो, भाडेकरूंशी बोलतो, त्याची वेगळी नोंद करा.

कंपनी मुलाखतीला आपला सर्वांत गोड बोलणारा संचालक पाठवते. तुमच्या विमानतळावर रोज येणारा माणूस दुसराच असतो. प्रस्तावात त्याचे नाव मागा, मुलाखत त्याची घ्या आणि करारात लिहा की त्याला बदलायचे तर शहराची संमती लागेल. प्रश्न प्रसंगाचे विचारा. उदाहरणार्थ: शनिवारी रात्री नऊ वाजता फोन येतो, धावपट्टीच्या मधोमध हरीण मरून पडले आहे आणि एअर अँब्युलन्स वीस मिनिटांत येणार आहे. सांगा, काय कराल? 'गाडी घेऊन जाईन आणि उचलीन' हे अर्धे उत्तर. पूर्ण उत्तरात रेडिओवर आणि अँब्युलन्सच्या डिस्पॅचला सूचना, धावपट्टी बंद करण्याचा निर्णय, नोटॅम, साफसफाईनंतर पुन्हा पाहणी, धावपट्टी उघडल्याची सूचना आणि वहीतली नोंद येते. ज्याने हे काम केले आहे तो ही साखळी न अडखळता सांगतो.

संदर्भ तपासताना कंपनीने दिलेल्या यादीवर थांबू नका. तिच्या हातून गेलेल्या विमानतळांची नावे मागा आणि तिथल्या शहर कार्यालयाला फोन करा. आणखी एक फोन तिथल्या हँगर भाडेकरूला. भाडेकरू कधीच पूर्ण समाधानी नसतात, तेव्हा तक्रार आहे का हे विचारू नका. तक्रार केल्यावर काय झाले ते विचारा.

पायरी ७ : करारात काय असलेच पाहिजे

मुदत तीन ते पाच वर्षे, आणि नूतनीकरण शहराच्या मर्जीवर, आपोआप नव्हे. कारण न देता करार संपवण्याचा शहराचा हक्क, ९० ते १८० दिवसांच्या नोटिशीने. सुरक्षेचा गंभीर भंग असेल तर तत्काळ.

फेडरल अटींपुढे हा करार दुय्यम आहे असे स्पष्ट कलम, आणि एफएएला हवी असलेली नागरी हक्कांची कलमे जशीच्या तशी. त्यांची भाषा सुधारायचा मोह वकिलांना होतो. होऊ देऊ नका.

विम्यात विमानतळ चालकाचे दायित्व, दुसऱ्याची विमाने सांभाळत असेल तर हँगरकीपरचे दायित्व, इंधन विकत असेल तर उत्पादन आणि प्रदूषण दायित्व, कामगार विमा. आणि सगळीकडे शहराचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून. सर्वसाधारण व्यवसायाची साधी पॉलिसी विमानाशी संबंधित काहीही बहुधा वगळते, म्हणून प्रमाणपत्रावर न थांबता पॉलिसीतली वगळलेली कलमे वाचून घ्या.

पर्यावरणाचे कलम नेमके हवे. जमिनीवरच्या टाक्यांची एकूण क्षमता १,३२० गॅलनपेक्षा जास्त असेल तर गळती प्रतिबंधाचा आराखडा लागतो, आणि तुमच्या दोन टाक्या त्याच्या कितीतरी वर असणार. आराखडा कोण ठेवतो, प्रशिक्षण कोण देतो, हस्तांतरणाच्या दिवशी जमिनीत आधीच असलेले प्रदूषण कोणाचे, हे लिहा. शक्य असेल तर सुरुवातीलाच मातीची तपासणी करून ठेवा. आणि कोणते इंधन ठेवायचे, हा निर्णय कंत्राटदाराचा ठेवू नका. २०२४ च्या एफएए कायद्याने, जिथे २०२२ मध्ये १००एलएल मिळत होते तिथे ते २०३० अखेरपर्यंत, किंवा पिस्टन विमानांना चालणारे मान्यताप्राप्त शिसेविरहित इंधन मिळेपर्यंत, उपलब्ध ठेवायचे बंधन घातले आहे. खप कमी म्हणून टाकी बंद केली तर उत्तर शहराला द्यावे लागेल.

हँगरच्या वापराचेही एक वाक्य घाला. प्रत्येक विमानतळावर एक हँगर असा असतोच, ज्यात विमान नाही आणि बोट आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या एफएए धोरणानुसार हँगर मुख्यतः विमानासाठीच वापरायचे असतात. मॅनेजरने वर्षातून एकदा सगळे हँगर उघडून बघावेत आणि यादी शहराला द्यावी. शेजाऱ्याच्या बोटीवरून वाईटपणा घ्यायला कोणालाच आवडत नाही, म्हणून करारात लिहिलेले बरे.

शेवटी मालकीची यादी: फोन नंबर, वेबसाइटचे नाव, ईमेल, रेडिओ परवाना, नोटॅम देण्याचे अधिकार, हवामान यंत्राची नोंदपुस्तके, भाडेकरूंच्या फाइली, कुलपांच्या किल्ल्या. सगळे शहराच्या नावावर. जाताना विमानतळाचा फोन नंबर सोबत घेऊन गेलेला कंत्राटदार पुढची कित्येक वर्षे वैमानिकांना आपल्या नव्या दुकानाकडे वळवत राहू शकतो.

पायरी ८ : हस्तांतरण

जुना आणि नवा, दोघे निदान दोन आठवडे एकत्र काम करतील अशी तरतूद ठेवा. प्रत्येक यंत्राचे, दिव्याचे, दाराचे फोटो तारखेसह काढा.

इंधनाची मोजणी शेवटच्या संध्याकाळी पंप बंद करून करा. मोजकाठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात, काठी टाकीच्या तळापर्यंत सरळ सोडतात आणि वर काढून दोन गोष्टी वाचतात: इंधनाची ओली खूण कुठवर आली आणि तळाशी पेस्टचा रंग किती इंच बदलला. दुसरा आकडा पाण्याचा. टाकीच्या तक्त्यावरून इंचांचे गॅलन होतात. पंपाच्या मीटरचा आकडाही त्याच कागदावर, आणि खाली तिघांच्या सह्या: जुना, नवा आणि शहराचा माणूस. काही हजार गॅलन इंधन म्हणजे मोठी रक्कम असते. तिच्यावरून कोर्टात जाण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त.

त्याच दिवशी नोटॅम देणाऱ्यांच्या यादीत जुन्यांची नावे कमी आणि नव्यांची दाखल करा, कुलपांचे कोड बदला, आणि भाडेकरूंना शहराच्या सहीचे पत्र पाठवा: आता फोन कोणाला, भाडे कुठे, तक्रार कोणाकडे. तक्रारीसाठी मॅनेजरशिवाय शहरातल्या एका माणसाचाही नंबर त्यात असू द्या.

पायरी ९ : देखरेख

करार झाला की शहर सुटकेचा श्वास सोडते आणि विमानतळाकडे फिरकत नाही. शहरात एक माणूस नेमा, ज्याच्या कामाच्या वर्णनात हे लिहिलेले असेल. महिन्याला दोन पानांचा अहवाल पुरे: पाहणीच्या नोंदी, दिलेले नोटॅम आणि त्यांची कारणे, दुरुस्तीची प्रलंबित कामे, आलेले-विकलेले-शिल्लक इंधन, हँगरची स्थिती आणि प्रतीक्षायादी, तक्रारी. इंधनात आधीचे शिल्लक अधिक आलेले वजा विकलेले आणि काठीने मोजलेले शिल्लक यांच्यातला फरक दर महिन्याला एकाच दिशेने वाढत असेल, तर गळती आहे किंवा हिशेबात खोट आहे. दोन्हींत वाट बघायची नसते.

पहिल्या ९० दिवसांत तीन वेळा न सांगता जा, त्यातली एक फेरी अंधार पडल्यावर. गाडीत हातातला एअरबँड रेडिओ ठेवा, माइक सात वेळा दाबा आणि दिवे मोजा. न लागलेल्या दिव्यांची नोंद मॅनेजरच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर आधीपासून आहे का बघा. असेल तर दुरुस्तीची तारीख विचारा. नसेल, तर दुसऱ्या दिवशी लेखी नोटीस पाठवा आणि तिची प्रत कराराच्या फाइलला लावा. नूतनीकरणाच्या वेळी कौन्सिलसमोर तीच फाइल जाणार आहे.